पडद्यावरचा रंग कागदावर का उतरत नाही?

देवळाली कॅम्पला खंडोबाच्या टेकडीवर चंपाषष्ठीची यात्रा भरते. समजा, त्या दिवशी तुम्ही टेकडीवर गेलात आणि फोनने एक छायाचित्र टिपलेत. वर मार्गशीर्षातले गडद निळे आकाश, मध्ये भंडाऱ्याने माखलेली माणसे, एका बाजूला झळझळीत पोपटी लुगडे नेसलेल्या एक आजीबाई आणि मागे मंडपाच्या सावलीत उभा असलेला एक मुलगा. घरी आल्यावर ते संगणकाच्या पडद्यावर उघडलेत, तर इतके झकास दिसले, की शाळेच्या प्रदर्शनात लावल्याशिवाय राहवेना. मग खाऊचे पैसे जमवून स्टुडिओतून चांगली बारा बाय अठरा इंचांची प्रत काढून आणलीत. लिफाफा उघडला आणि हिरमोड झाला! भंडारा ठीक आहे. पण आकाश जांभळट झाले आहे, आजीबाईंचे लुगडे दहा वेळा धुतल्यासारखे दिसते आहे आणि सावलीतला मुलगा तर अंधारात गडपच झाला आहे.

तुम्ही तक्रार घेऊन स्टुडिओत जाता. काका म्हणतात, "बाळा, तुझ्या कॉम्प्युटरचाच उजेड जास्त आहे." तुम्ही म्हणता, "काका, तुमच्या मशीनमध्येच काहीतरी बिघडलंय." या भांडणात खरे कोणाचे? गंमत अशी, की दोन्ही यंत्रांत काडीचाही बिघाड नसताना असे घडू शकते. नव्हे, काही काळजी घेतली नाही तर असे घडायचेच. ते का, आणि प्रत पडद्याच्या जवळ आणायची कशी, हे आज पाहू या.

प्रथम पडद्याकडे वळू. बोटाचे टोक पाण्यात बुडवून फोनच्या काचेवर मोहरीएवढा एकच थेंब ठेवा. (थेंब मोहरीएवढाच हवा. घरातल्या मोठ्या माणसांचा फोन असेल तर आधी विचारा!) आता पडद्यावर एखादे कोरे पांढरे पान उघडा. थेंब भिंगाचे काम करतो. त्याच्याखाली पांढरा रंग दिसणारच नाही. दिसतील तांबडे, हिरवे आणि निळे असे बारीक ठिपके. मग भंडाऱ्याचे चित्र उघडून तोच थेंब पिवळ्या भागावर आणा. निळे ठिपके जवळजवळ विझलेले आणि तांबडे-हिरवे तेवढे उजळलेले आढळतील. म्हणजे ज्या पिवळ्या रंगावर तुम्ही खूष झालात, तो पिवळा पडद्यात कोठेही नव्हता! तांबडा आणि हिरवा प्रकाश एकाच वेळी तुमच्या डोळ्यांत शिरला, आणि पिवळा रंग तुमच्या मेंदूत तयार झाला.

डोळा असा कसा फसतो? आपल्या दृष्टिपटलावर रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या असतात. एक प्रकार साधारण ४२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला सर्वांत जास्त दाद देतो, दुसरा ५३० च्या आसपासच्या आणि तिसरा ५६० च्या आसपासच्या. एवढ्या तीनच पेशींच्या निरोपांवरून मेंदू सगळे रंग ठरवतो. झेंडूच्या फुलावरून येणाऱ्या प्रकाशात हिरव्या, पिवळ्या, नारिंगी, तांबड्या अशा कितीतरी लहरींची दाटी असते. पडद्यावरच्या झेंडूत ती तशी नसते. परंतु तिन्ही पेशींकडून येणारे निरोप दोन्ही वेळा सारखेच असले, तर मेंदूला दोन्ही झेंडू एकाच रंगाचे. त्याला लहरी मोजता येत नाहीत. ही आपल्या डोळ्यांची उणीवच म्हणायची. पण ती नसती, तर रंगीत दूरदर्शन, सिनेमा, छपाई यांतले काहीच शक्य झाले नसते.

ही युक्ती प्रथम जगासमोर मांडली ती जेम्स क्लार्क मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने. १७ मे १८६१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याने रंगीबेरंगी फितीच्या एका गाठीची तीन छायाचित्रे तीन दिव्यांनी एकाच पडद्यावर, एकावर एक अशी टाकली. ती छायाचित्रे अनुक्रमे तांबड्या, हिरव्या आणि निळ्या गाळणीतून घेतलेली होती आणि दिव्यांपुढेही त्याच रंगांच्या गाळण्या होत्या. पडद्यावर रंगीत फीत उमटली. या प्रयोगात एक मजेदार भानगड होती. त्या काळच्या छायाचित्रणाच्या काचपट्ट्यांना तांबडा प्रकाश मुळी जाणवतच नसे! मग तांबड्याचे चित्र आले कोठून? त्याचा उलगडा शंभर वर्षांनी झाला. फितीचा तांबडा रंग डोळ्यांना न दिसणारे जंबुपार किरणही परावर्तित करीत होता आणि तांबडी गाळणी तेही किरण आत सोडत होती. मॅक्सवेलचे तत्त्व बरोबर होते, पण त्याचा प्रयोग यशस्वी झाला तो थोडा नशिबाने.

पडद्यावर प्रकाशाची बेरीज होते. काळ्या पडद्यापासून सुरुवात करायची आणि त्यात तांबडा, हिरवा, निळा प्रकाश मिळवत जायचा. तिन्ही पुरेपूर मिळाले की पांढरा.

कागदाचे काम नेमके उलटे चालते. कागदाला स्वतःचा प्रकाश नसतो. त्याच्यावर खिडकीतून किंवा दिव्यातून पांढरा प्रकाश पडतो, आणि शाई त्यातला काही भाग खाऊन टाकते. उरलेला परत येतो, तो आपल्याला दिसतो. म्हणून येथे सुरुवात पांढऱ्यापासून आणि पुढे सगळी वजाबाकी. चित्रकलेच्या तासाला हिरवा आणि तांबडा रंग एकत्र कालवून पाहा. पिवळा होतो का? मातकट तपकिरी होतो. एका रंगाने एक भाग खाल्ला, दुसऱ्याने दुसरा. शिल्लक फारसे काही उरलेच नाही.

वजाबाकीसाठी लागणाऱ्या शाया साहजिकच वेगळ्या असतात. तांबडा प्रकाश खाणारी शाई हवी, ती दिसते निळसर मोरपंखी. छापखान्यात तिला सायन म्हणतात. हिरवा प्रकाश खाणारी शाई हवी, ती दिसते गुलाबी-जांभळट. तिचे नाव मॅजेंटा, आणि साड्यांच्या दुकानात साधारण याच छटेला राणी रंग म्हणतात. निळा प्रकाश खाणारी शाई असते पिवळी. आजचे वर्तमानपत्र घेऊन त्यातल्या रंगीत चित्रावर भिंग धरा, म्हणजे या तीन शायांचे आणि चौथ्या काळ्या शाईचे ठिपके सुटे सुटे दिसतील. पानाच्या कडेला बहुधा याच चार रंगांचे छोटे ठोकळे किंवा ठिपके छापलेले असतात. ते आपल्यासाठी नसतात. यंत्रावर उभ्या असलेल्या कारागिराने नजर ठेवावी म्हणून असतात. स्टुडिओतून आणलेल्या प्रतीवर मात्र भिंगातूनही ठिपके दिसणार नाहीत, जर ती रासायनिक कागदावर काढलेली असेल तर. त्या कागदात याच तीन रंगांचे तीन थर एकावर एक असतात आणि यंत्र त्यांच्यावर तांबड्या, हिरव्या, निळ्या प्रकाशाने चित्र उमटवते. काळी शाई तेथे नसतेच.

या विद्येचा आपल्या नाशिक जिल्ह्याशी जुना संबंध आहे. दादासाहेब फाळके यांना आपण भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून ओळखतो. त्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणण्यापूर्वी ते काय करीत होते? ते छपाईच्या व्यवसायात होते, आणि तीही रंगीत छपाई. १८९४ मध्ये राजा रविवर्मा यांनी मुंबईत सुरू केलेला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हलवलेला छापखाना प्रसिद्धच आहे. फाळक्यांनी या छापखान्यासाठीही काम केले. पुढे दादरला त्यांचा छापखाना झाला, आणि रंगीत छपाईचे नवे तंत्र व यंत्रे यांसाठी १९०९ मध्ये त्यांनी जर्मनी गाठली.

त्या काळी त्रिरंगी ठसे, म्हणजे ब्लॉक, कसे बनत ते पाहण्याजोगे आहे, कारण तुमच्या तक्रारीचे मूळ तेथेच सापडते. मूळ चित्राची तीन छायाचित्रे घ्यायची, मॅक्सवेलप्रमाणेच तीन गाळण्यांतून. निळ्या गाळणीतून घेतलेल्या छायाचित्रावरून पिवळ्या शाईचा ठसा करायचा, कारण चित्रातून जेथे निळा प्रकाश आला नाही तेथे तो खाणारी शाई पडायला हवी. हिरव्या गाळणीवरून मॅजेंटाचा, तांबड्या गाळणीवरून सायनचा. बारीक चौकटी आखलेल्या काचेमुळे चित्राचे ठिपके होत, आणि ते धातूच्या पत्र्यावर रसायनाने कोरून काढत. तीन ठसे, तीन शाया, एकाच कागदावर तीन छाप. हिशेबाप्रमाणे मूळ चित्र हुबेहूब उमटायला हवे.

पण तसे होत नसे! पहिली प्रत मळकट येई. कारण शाया कागदावरच्या हिशेबाइतक्या प्रामाणिक नसतात. सायन शाईने फक्त तांबडा प्रकाश खावा अशी अपेक्षा. ती हिरव्यावर आणि थोडी निळ्यावरही हात मारते. मॅजेंटाने केवळ हिरवा खावा, तर ती निळ्यातलाही वाटा उचलते. म्हणून सायन आणि मॅजेंटा एकत्र छापल्यावर स्वच्छ निळा न मिळता जांभळट निळा मिळतो. तुमचे आकाश आठवले ना? शंभर वर्षांपूर्वीच्या ठसे कोरणाऱ्या कारागिरांची तक्रारही हीच होती. मग ते मूळ चित्र शेजारी ठेवून, ठशाचा एक एक भाग रोगणाने झाकून आणि उरलेला पुन्हा कोरून, ठिपके लहान करीत बसत. जांभळट आकाशातला मॅजेंटाचा ठिपका बारीक केला की आकाश निळ्याकडे सरके. ही कसबाची कामगिरी होती आणि ती हाताने, डोळ्यांनी होई. आज तेच काम संगणक आकड्यांनी करतो. काम नवे नाही, हे ध्यानात ठेवा.

शाईच्या या खादाडपणामुळे एक मोठी मर्यादा येते. पडद्याला दाखवता येणारे सगळे रंग चार शायांना दाखवता येत नाहीत. पडद्याचा झगमगीत हिरवा आणि गर्द निळा कागदाच्या आवाक्याबाहेर राहतात. आजीबाईंचे पोपटी लुगडे त्यातच सापडले. पिवळ्याची स्वतंत्र शाईच असल्यामुळे भंडारा मात्र बिनबोभाट उतरला. पण तोटा एकतर्फी आहे असे समजू नका. चांगल्या सायन शाईचा शुद्ध मोरपंखी रंग नेहमीच्या पडद्याला दाखवता येत नाही. तेथे कागद पुढे आणि पडदा मागे! दोन गावांच्या शिवा जशा काही भागात एकमेकींवर येतात आणि बाकीच्या भागात वेगळ्या राहतात, तशी ही दोन रंगांची राज्ये आहेत.

चार शायांच्या या कुंपणातून सुटण्याचा एक मार्ग आहे, तो म्हणजे हव्या त्या रंगाची शाई वेगळी घोटून घ्यायची. त्याचे उदाहरण कॅम्पपासून थोड्याच अंतरावर, नाशिक रोडला आहे. भारताची टपाल तिकिटे पूर्वी लंडनहून छापून येत. १९२६ पासून ती नाशिक रोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जाऊ लागली, आणि १९२८ मध्ये शेजारीच नोटांचा छापखाना सुरू झाला. एखादी नोट भिंगाखाली धरा. वर्तमानपत्रासारखे चार रंगांचे ठिपके दिसणार नाहीत. दिसतील एकसंध रंगाच्या नाजूक, अखंड रेषा. प्रत्येक रेषेची शाई तिच्या रंगाची. पाचशेच्या नोटेतला चकाकता धागा तिरपा करून पाहा; तो हिरव्याचा निळा होतो. असा रंग कोणत्याही पडद्यावर किंवा छायाप्रतीत येणे शक्य नाही, आणि तो तेथे घातला आहे तो याचसाठी. (भिंगाने पाहा, पण नोटेची प्रत काढण्याचा प्रयोग करू नका. तो गुन्हा आहे.)

रंगांचे झाले, आता अंधारात बुडालेल्या त्या मुलाकडे वळू. त्याचा दोष शाईकडे जात नाही. येथे स्टुडिओवाल्या काकांचे म्हणणे खरे ठरते, आणि ते आपण गणित करून तपासू शकतो.

अभ्यासाच्या टेबलावर साधारण ३०० लक्स प्रकाश पडतो असे धरू. चांगला पांढरा कागद त्यातला सुमारे ८५ टक्के परत पाठवतो. तो सर्व दिशांना विखुरतो, म्हणून कागदाची उजळता काढताना पायने भागायचे : ३०० × ०.८५ ÷ ३.१४ = सुमारे ८१ कँडेला प्रति चौरस मीटर. संगणकाचा पडदा दुकानातून येतो तेव्हा बहुधा २५० ते ३०० कँडेलावर लावलेला असतो, आणि आजकालच्या फोनचा पडदा ५०० च्याही वर जातो. म्हणजे पडद्यावरचा पांढरा कागदावरच्या पांढऱ्यापेक्षा तीन ते सहा पट उजळ! सावलीतला मुलगा पडद्यावर स्पष्ट दिसत होता, तो मागच्या दिव्याच्या कृपेने. कागदावर ती कृपा नाही.

शिवाय काळ्याचा काळेपणाही निराळा. साध्या पडद्याचा पांढरा त्याच्या काळ्यापेक्षा हजारएक पट उजळ असतो. उत्तम चकचकीत छायाचित्राच्या कागदावर हे प्रमाण शंभर-दीडशे पट असते, आणि वर्तमानपत्रावर जेमतेम दहाएक पट. काळ्यात काळे शाईचे थरही थोडा प्रकाश परत पाठवतातच. तेव्हा हजार पायऱ्यांचा जिना शंभर पायऱ्यांत बसवायचा असला, तर अंधाऱ्या टोकाच्या काही पायऱ्या एकमेकींवर चढणारच.

आता आणखी एक घोटाळा, आणि तो आपल्या घरातल्या दिव्यांचा. लग्नाची साडी घेताना आई किंवा आजी ती दुकानाच्या दारापर्यंत नेऊन उन्हात पाहते की नाही? दुकानदाराला कितीही वाईट वाटो, त्यात शंभर टक्के विज्ञान आहे. वजाबाकीला सुरुवातीची रक्कम लागते. ती रक्कम म्हणजे दिव्याचा प्रकाश. दिव्याच्या प्रकाशात जी लहर कमी आहे, ती कापडावरून परत येणार कोठून? म्हणून दुकानातल्या नळीच्या दिव्याखाली साडी आणि पोलक्याचा खण तंतोतंत जुळतात आणि उन्हात गेले की एक तांबूस, दुसरा जांभळट दिसतो. येवल्याच्या पैठणीची तर आणखी पंचाईत. धूपछाँव पैठणीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो, त्यामुळे पदर हलला की रंग पालटतो. तिचे एकच छायाचित्र पाहून दूरगावच्या गिऱ्हाईकाने मागणी नोंदवली आणि पैठणी हाती आल्यावर "फोटोतली ही नव्हे" म्हटले, तर विणकराने काय करावे? दोघेही खरे बोलत असतात, आणि महिन्याभराची मेहनत व हजारो रुपये अडकलेले असतात. आपले बारा बाय अठराचे छायाचित्र त्यापुढे काहीच नाही.

डोळाही स्थिर नसतो. पिवळ्या दिव्याच्या खोलीत थोडा वेळ बसले, की कागद पांढराच वाटू लागतो. मेंदू पिवळेपणा वजा करून टाकतो. त्याच खोलीत संगणकाचा पडदा निळसर भासतो. पिवळा बल्ब साधारण २७०० केल्व्हिन रंगतापमानाचा आणि पडद्याचा पांढरा ६५०० केल्व्हिनचा, मग दोघांचे जमणार कसे? छापखान्यांत प्रती पाहण्यासाठी ५००० केल्व्हिनचे खास दिवे लावतात ते याच कारणाने.

इतक्या अडचणी असताना दोन यंत्रांनी रंगाविषयी एकमेकांशी बोलायचे तरी कसे? संगणकाला रंग माहीत नसतो, त्याला आकडे माहीत असतात. प्रत्येक ठिपक्याला तांबड्या, हिरव्या, निळ्यासाठी ० ते २५५ पर्यंतचा एकेक आकडा. २५६ चा घन केला तर १,६७,७७,२१६ इतके मेळ होतात. परंतु 'तांबडा २००' म्हणजे नेमका किती आणि कसा तांबडा, हे त्या आकड्यात कोठे लिहिले आहे? दूरदर्शन संचांच्या दुकानात एकाच वाहिनीवर लावलेले दहा संच पाहा. दहांना आकडे तेच मिळतात, आणि दहा ठिकाणी गोलंदाजाच्या शर्टाचा रंग दहा तऱ्हांचा दिसतो.

याला उपाय म्हणून यंत्राशी बांधलेले आकडे सोडून माणसाच्या डोळ्याशी बांधलेले आकडे वापरायचे ठरले. ते १९३१ मध्ये एका आंतरराष्ट्रीय मंडळाने निश्चित केले. त्यामागे इंग्लंडमधील राइट आणि गिल्ड या दोघांचे प्रयोग होते. प्रयोग अगदी साधा : गोलाच्या एका अर्ध्या भागात एक शुद्ध रंग दाखवायचा, दुसऱ्या अर्ध्यात तांबडा, हिरवा, निळा असे तीन प्रकाश; बघणाऱ्याने ते कमीजास्त करीत दोन्ही अर्धे एकसारखे करायचे आणि आकडे टिपायचे. राइटने दहा जणांवर आणि गिल्डने सात जणांवर हा प्रयोग केला. म्हणजे आज जगातले बहुतेक सगळे पडदे आणि छपाईयंत्रे ज्या मापावर चालतात, ते माप अवघ्या सतरा माणसांच्या डोळ्यांवरून घेतलेले आहे! या प्रयोगात असेही आढळले, की काही शुद्ध रंग तीन प्रकाशांच्या कोणत्याही मिश्रणाने जुळत नाहीत. तेव्हा पडद्याची शीव कोठेतरी संपणार हे तेव्हाच कळून चुकले होते.

पुढे १९९३ मध्ये संगणक आणि छायाचित्रणाचे साहित्य बनवणाऱ्या कंपन्यांनी एकत्र येऊन प्रत्येक यंत्रासाठी एक छोटासा शब्दकोश ठेवण्याची पद्धत ठरवली. त्याला प्रोफाइल म्हणतात. 'माझा तांबडा २०० म्हणजे डोळ्याच्या मापात अमुक' असे त्यात प्रत्येक यंत्र सांगते. पडद्याचा कोश आकडे डोळ्याच्या भाषेत नेतो, कागदाचा कोश तेथून शाईच्या भाषेत आणतो. कागदाला जो रंग परवडतच नाही, त्याचे काय? कमी उंचीच्या दारातून वर्गाची रांग न्यायची आहे असे समजा. एक मार्ग असा, की फक्त उंच मुलांनी वाकायचे. मग बाकीचे जसेच्या तसे राहतात, पण सगळे उंच एकाच उंचीचे दिसतात. दुसरा मार्ग, जादू करून सगळ्यांनाच त्याच प्रमाणात बुटके करायचे. मग कोणाचीच उंची खरी राहत नाही, पण उंच-बुटक्यांचा क्रम टिकतो. रंगांच्या बाबतीत दोन्ही मार्ग वापरतात. लुगड्याच्या घड्या दिसायला हव्या असतील तर दुसरा, चेहऱ्यांचा रंग बिघडू द्यायचा नसेल तर पहिला, असे तारतम्य ठेवावे लागते.

कोश हरवला तर काय होते, त्याचे एक नेहमीचे उदाहरण सांगतो. १९९६ मध्ये सुचवलेली आणि १९९९ मध्ये प्रमाण ठरलेली 'एसआरजीबी' ही रंगांची मोजणी बहुतेक संगणक आणि स्टुडिओ वापरतात. हल्लीचे काही फोन त्याहून मोठ्या रंगराज्यात चित्र साठवतात. चित्राबरोबर कोशही जातो. पण छापणाऱ्या यंत्राने तो वाचलाच नाही, तर मोठ्या राज्याचे आकडे छोट्या राज्याचे समजले जातात आणि सगळे चित्र फिके पडते. प्रत फिकी येण्याची कारणे शोधताना हे अवश्य तपासा. देण्याआधी चित्र 'एसआरजीबी'त बदलून घेतले की ही अडचण संपते.

तर आता छायाचित्र पुन्हा छापून पाहायचे. पडद्याचा रात्रीचा पिवळसर उजेड, आपोआप कमीजास्त होणारा उजेड, असल्या सोयी आधी बंद करा. दिवसा खिडकीजवळ बसा, पण ऊन थेट पडू देऊ नका. पडद्यावर कोरे पान उघडून त्याच्या शेजारी खरा पांढरा कागद धरा आणि दोन्ही सारखे उजळ दिसेपर्यंत पडद्याचा उजेड उतरवत जा. खूपच उतरवावा लागेल. सुरुवातीला पडदा मेल्यासारखा वाटेल. दहा मिनिटे तसाच राहू द्या, डोळा सरावतो. आता तुमचे छायाचित्र उघडा. सावलीतला मुलगा पडद्यावरच गडप झालेला दिसेल! काकांच्या यंत्राने काहीच गडबड केली नव्हती. आता सावलीचा तेवढा भाग उजळ करा.

मोठी प्रत एकदम काढू नका. पूर्वी अंधाऱ्या खोलीत छायाचित्रे धुणारे लोक कागदाची एक पट्टी घेऊन तिच्या तुकड्यांना पाच, दहा, पंधरा सेकंद असा वेगवेगळा प्रकाश देत आणि त्यातला चांगला तुकडा निवडत. तीच युक्ती येथे चालते. चित्रातला मुलगा आणि लुगडे असलेला तुकडा कापून घ्या, त्याच्या कमीजास्त उजेडाच्या पाच पट्ट्या एकाच चार बाय सहाच्या चौकटीत मांडा आणि तेवढी एकच छोटी प्रत काढा. काकांना सांगा, की "यंत्राला यात काही सुधारू देऊ नका." स्टुडिओतली यंत्रे प्रत्येक चित्राचा उजेड आणि रंग आपल्या मताने दुरुस्त करतात, ती सोय चालू राहिली तर तुमच्या पाचही पट्ट्यांचा हिशेब चुकेल. आलेली प्रत घरी त्याच खिडकीपाशी आणून पडद्याशेजारी धरा आणि ज्या पट्टीत मुलगा नीट दिसतो ती निवडा. स्टुडिओने आपल्या कागदाचा कोश दिला तर फारच उत्तम. गिंपसारख्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तो घालून छापील प्रत कशी दिसेल हे आधीच पडद्यावर पाहता येते. आकाशातला तांबड्याचा आकडा किंचित उतरवला, म्हणजे मॅजेंटा शाईचा जांभळा डाग निवळतो का, तेही तेथेच कळेल. जुन्या ठसेवाल्यांनी रोगण लावून जे केले, तेच तुम्ही माऊसने करीत असता.

असे केल्यावर दुसऱ्या प्रतीत मुलगा सावलीतून बाहेर येईल, आकाश निळे होईल, भंडारा तर पहिल्यापासूनच ठीक होता. आजीबाईंचे लुगडे पहिल्यापेक्षा बरे होईल. घड्या दिसतील, काठ उठून दिसेल. परंतु पडद्यावरचा तो झळझळीत पोपटी कागदावर येणार नाही. त्या शाईची बाटली स्टुडिओतल्या यंत्रात नाही. प्रदर्शनात छायाचित्र मोठ्या खिडकीसमोरच्या भिंतीवर लावा, आणि शेजारच्या भिंतीवर मात्र कोणाला पिवळा बल्ब लावू देऊ नका.